मित्राचा बँड झाला की निघता?

आधी एक कबुली देते. सेकंड इयरला असताना आमच्या वर्गातल्या एका मुलाचा बँड एका बारमध्ये वाजवणार होता. आम्ही चौदा जण गेलो. त्यांची पाच गाणी ऐकली, घसा बसेपर्यंत ओरडलो, स्टोरीज टाकल्या आणि शेवटचं गाणं संपल्या संपल्या बिल मागवून निघालो. जिना अरुंद होता. खालून पुढच्या बँडमधली एक मुलगी गिटारचा अ‍ॅम्प उचलून वर येत होती. तिला वाट द्यायला आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो. चौदाच्या चौदा जण. ती आमच्याकडे एकेक करून बघत वर गेली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आपल्या मित्राला सपोर्ट केला, झालं ना काम!

तुम्हीही असं केलं असेल. नसेल केलं तर तुमच्या मित्रांत कुणी बँडवाला नसेल, एवढंच.

हे सगळं परवाच्या गुरुवारी आठवलं. या पुरवणीसाठी ‘छोट्या जागेतली लाइव्ह नाइट’ कव्हर करायला मी पुण्यात कर्वे रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका बारमध्ये संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत बसले होते. बारचं नाव देत नाहीये, कारण मालकांनीच तसं सांगितलं. ‘‘पेपरात नाव आलं की आधी सोसायटीवाले येतील, गिऱ्हाईक नंतर,’’ म्हणाले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वीसेक वर्षं इथे आहेत, मराठी अस्सल पुणेरी, फक्त हिशेब करताना ओठ तुळूमध्ये हलतात. खाली परमिट रूम आहे. वरच्या मजल्यावर पूर्वी ‘फॅमिली सेक्शन’ होता. तिथले पार्टिशन काढून एका कोपऱ्यात वीतभर उंचीचा लाकडी ओटा केलाय. तेच स्टेज. महिन्यातून एका गुरुवारी तिथे चार बँड वाजवतात. एरवी त्या भिंतीवर मोठा स्क्रीन असतो आणि त्यावर मॅच असते.

या गुरुवारचे चार बँड असे होते. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांचं ब्लूज त्रिकूट. हलगी, संबळ, बास गिटार आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन वाजवणारी चार मुलं. इंजिनीअरिंगच्या पाच जणांचा मेटल बँड. आणि दोन मुली, एकीकडे गिटार, दुसरीकडे पेटी. हे चौघे एका रात्रीत कशासाठी? मला वाटलं होतं, आयोजकांची आवड तशी असेल. नाइट भरवणारी मुलगी आमच्याच कोर्सची, माझ्या दोन बॅच आधीची. स्वतः कुठलंही वाद्य वाजवत नाही. ती हसली. म्हणाली, ‘‘आवड कसली गं? एका नवीन बँडमागे पंधरा मित्र येतात. पंधरा जणांत हॉल भरत नाही. चार मेटल बँड घेतले तर चौघांचे मित्र तेच पंधरा. म्हणून चार वेगळे घ्यायचे.’’

म्हणजे पोस्टरवर छान दिसणारी ती ‘व्हरायटी’ मुळात हिशेबातून आलेली आहे. पण त्यातून काहीतरी भलतंच होतं, ते पुढे सांगते.

अडचण तुम्हाला कळली असेलच. पंधरा-पंधराचे चार घोळके आले आणि आपापला बँड झाला की उठून गेले, तर प्रत्येक बँडसमोर पंधराच माणसं उरणार. यावर तिने काढलेला तोडगा मला भारी वाटला. ती क्रमच जाहीर करत नाही. पोस्टरवर ‘साडेसातला सुरू’ एवढंच. कोण कधी वाजवणार, हे फक्त तिला आणि साऊंडवाल्या दादाला माहीत. मित्र फोन करून विचारतात, ‘‘किती वाजता आहात रे तुम्ही?’’ आणि बँडवाले खरंच सांगू शकत नाहीत. मेटलवाल्यांच्या बासिस्टने मात्र चोरी पकडली होती. साऊंडचेक उलट्या क्रमाने करतात. शेवटी वाजवणाऱ्यांचा आधी, पहिल्यांदा वाजवणाऱ्यांचा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्यांची मांडामांड तशीच ठेवून लगेच सुरू करता येतं. त्याने ते बघितलं आणि ताडलं की आपण तिसरे. तिने त्याला एक बियर देऊन गप्प बसवलं. (बियर म्हटलं म्हणून सांगते, महाराष्ट्रात बियरसाठी वयाची अट २१, हार्ड लिकरसाठी २५. मी ड्युटीवर होते, म्हणून लिंबू सोडा.)

साऊंडचेक हा प्रकार एकदा जरूर बघा. मला वाटायचं, ‘चेक, चेक, वन टू’ म्हणणं म्हणजे साऊंडचेक. इथे दादांनी ड्रम्सना माइकच लावला नाही. का, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘एवढ्याशा खोलीत ड्रम्सला माइक कशाला? तो तसाच कान फाडतो. बाकी सगळ्यांना त्याच्या पातळीला आणायचं.’’ म्हणजे छोट्या जागेत व्हॉल्यूमचं बटन मिक्सरवर नसून ड्रमरच्या मनगटात असतं. तो जोरात वाजवायला लागला की गिटारवाला अ‍ॅम्प वाढवतो, मग गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो माइक वाढवून मागतो, आणि मग ती शिट्टी वाजते. ड्रमसेट एकच, सगळ्यांत मिळून. ज्याने त्याने फक्त आपला स्नेअर, झांजा आणि पायाचं पेडल आणायचं.

हलगीवाल्यांची पंचाईत वेगळी होती. बाहेर जुलैचा पाऊस. चामडं दमट झालेलं, हलगी ‘धप्प’ वाजत होती. गावाकडे जाळ करून शेकतात, की चामडं ताणलं जातं आणि आवाज कडक येतो. इथे स्टेजवर जाळ कोण करू देणार? शेवटी सांगोल्याचा तो हलगीवाला थेट अण्णांच्या किचनमध्ये शिरला. आचाऱ्याने तंदुरी रोटी बाजूला ठेवून एक बर्नर मोकळा करून दिला. आच लांबून दाखवायची, फिरवत राहायचं, मधूनच बोटाने टिचकी मारून ऐकायचं. मेटलचा ड्रमर दारात उभा राहून बघत होता. त्याची ड्रमची पानं प्लास्टिकची, चावीने घट्ट करायची. पाऊस असो की ऊन, त्याला फरक पडत नाही. ‘‘प्रत्येक गिगला हे करायचं?’’ त्याने विचारलं. ‘‘प्रत्येक गाण्याला,’’ हलगीवाला म्हणाला, आणि खरंच त्यांच्या सेटमध्ये दोनदा हलगी किचनमध्ये जाऊन आली.

काकांनी साडेसातला सुरुवात केली. हॉलमध्ये तेव्हा तिशीच्या आसपास माणसं असतील, त्यातली निम्मी मोबाइलमध्ये. काकांनी इंग्रजी ब्लूज गायलं आणि मध्येच माइकवर समजावून सांगितलं की यात बारा बारचं एक चक्र असतं, तीनच कॉर्ड, आणि फिरून फिरून समेवर यायचं. ‘‘बारमध्ये बारा बार,’’ असा विनोद त्यांनी केला, त्यावर फक्त त्यांची बायको हसली. पण ती ‘सम’ ऐकून मागे टेकलेला संबळवाला सरळ उभा राहिला आणि पुढच्या गाण्याला टेबलावर बोटं आपटत बरोबर समेवर यायला लागला. त्याने आयुष्यात कधी ब्लूज ऐकलं नव्हतं, असं नंतर त्यानेच सांगितलं.

मग हलगीवाल्यांचा सेट. याच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तो मला सगळ्यात जास्त आवडला. गोंधळात जसं एकेका गावच्या देवाला नाव घेऊन गोंधळाला यायचं आवताण देतात, तसं यांनी पुण्यातल्या एकेका पेठेतल्या, एकेका उपनगरातल्या घरमालकाला आवताण दिलं. डिपॉझिट न देणारा, मुली आल्या तर चालणार नाहीत म्हणणारा, नळाला तासभरच पाणी सोडणारा. हॉस्टेल आणि कॉट बेसिसवर राहणारी निम्मी पब्लिक पोट धरून हसत होती. खाली बास गिटार सरळ रॉकसारखी चालत होती, वर संबळ. हलगी वाजली की शेजारच्या ड्रमसेटमधल्या स्नेअरच्या तारा आपोआप थरथरायच्या आणि एक चिर्रर्र आवाज यायचा. मेटलचा ड्रमर उठला, वाकून गेला आणि स्नेअरचा खटका पाडून तारा सैल करून आला. कुणी सांगितलं नव्हतं. परत येऊन तो खुर्चीत बसला नाही, पुढे उभा राहिला. त्याच्यामागे त्याचे चार मित्र पुढे आले. त्यांच्यामागे अजून काही. त्यातल्या कुणीच हलगी ऐकायला तीनशे रुपये भरले नव्हते.

तेव्हा मला जिन्यातली ती मुलगी आठवली.

मित्र टाळ्या वाजवतातच हो. सूर गेला तरी वाजवतात, शब्द विसरलात तर जास्तच वाजवतात. आपण गातोय ते कसं आहे, हे त्यांच्या टाळीवरून कळत नाही. ज्याला तुमचं नाव माहीत नाही, जो दुसऱ्याच कुणासाठी आलाय, तो मोबाइल खाली ठेवतो तेव्हा पहिल्यांदा कळतं. काकांनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. तरुणपणी घरच्यांसमोर पंधरा वर्षं वाजवलं, पण एक कॉर्ड चुकीची लावतोय, हे एका अनोळखी माणसाने बारमध्ये सांगेपर्यंत कळलंच नव्हतं म्हणे.

अशा जागा काही फार नसतात आणि टिकतही नाहीत. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ गाजला. १९८६ मध्ये सुरू झालेला तो फेस्टिव्हल तुमच्यापैकी काहींच्या आईबाबांनी पाहिलाही असेल. शांतता क्षेत्राच्या नियमात ते मैदान गप्प झालं. लोअर परळच्या मिल कंपाउंडमधला ‘ब्लू फ्रॉग’ २००७ मध्ये उघडला, २०१६ मध्ये बंद झाला. आपल्या पुण्यात २०१० पासून ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ आला, पण हजारोंच्या फेस्टिव्हलमध्ये कुणी तुमची पहिली गिग लावत नाही. त्याआधी कुठेतरी वीतभर ओट्यावर शंभर चुका करून झालेल्या असाव्या लागतात. न्यूयॉर्कच्या ‘सीबीजीबी’ची गोष्ट या बाबतीत मजेशीर आहे. ती अक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूजची. १९७३ मध्ये मालकाने बार काढला तो त्या संगीतासाठी, आणि तिथे घडले रमोन्स, टॉकिंग हेड्स, ब्लाँडी. म्हणजे पंक. नियम एवढाच, की गाणी स्वतःची हवीत. तोही बार २००६ मध्ये बंद झाला.

स्वतःच्या गाण्यांचा आग्रह इथेही आहे, पण त्याला एक व्यवहाराची बाजूही आहे. दुसऱ्याचं गाणं सार्वजनिक ठिकाणी वाजवलं, तर गीतकार-संगीतकाराचा हक्क येतो आणि त्यासाठी जागेला ‘आयपीआरएस’चं लायसन्स घ्यावं लागतं. ही संस्था १९६९ पासून आहे. अनेक बँडवाल्यांना ती फक्त बारवाल्यांकडून पैसे घेणारी वाटते. आपणही तिथे सभासद होऊन आपल्या गाण्याचे पैसे मिळवू शकतो, हे चारांपैकी एकाच बँडला माहीत होतं. कुठल्या? काकांच्या. बँकेत नोकरी केल्याचा फायदा!

आता पैशांचंच सांगते. त्या रात्री ६२ जणांनी प्रत्येकी ३०० रुपये भरले. झाले १८,६००. साऊंडचं भाडं ६,०००. उरलेले १२,६०० चार बँडमध्ये सारखे, म्हणजे ३,१५० एका बँडला. हलगीवाले चौघे, वाट्याला ७८७ रुपये ५० पैसे. त्यात येताना-जातानाची रिक्षा, कारण संबळ घेऊन पीएमटीत चढता येत नाही. अण्णा प्रवेशाच्या पैशाला हात लावत नाहीत. त्यांचं उत्पन्न काउंटरवरचं. आणि तिथेच गोची आहे. मॅचच्या दिवशी लोक चार तास बसतात आणि खातात-पितात. गिगच्या दिवशी लोक उभे राहून ऐकतात आणि पाणी मागतात. ‘‘चांगलं वाजवलं की कोण ऑर्डरच देत नाही,’’ अण्णा वैतागून म्हणाले. गेल्या दोन महिन्यांचं काउंटर कमी झालंय. या गुरुवारीही तसंच झालं तर पुढच्या महिन्यापासून स्क्रीन कायमचा, असं त्यांनी आयोजक मुलीला सकाळीच फोनवर सांगून टाकलं होतं. तिने बँडना सांगितलं नव्हतं. मला रात्री नऊला, जिन्यात उभं राहून सांगितलं.

त्याच वेळी वर मेटल सुरू झालं. मेटलबद्दल मला फारसं कळत नाही, उगाच कळल्याचा आव आणत नाही. गाणारा मुलगा बोलताना इतका हळू बोलतो, की मला दोनदा ‘काय?’ म्हणावं लागलं होतं, आणि तोच तिथे पोटातून असा काही गरजला, की टेबलावरचे ग्लास सरकले. काकांच्या बायकोने कानात कापूस घातला, पण उठल्या नाहीत.

मेटल तिसऱ्या क्रमांकावर का, तर दहाच्या काट्यामुळे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहांना त्यातून सवलत आहे, पण आवाज बाहेर जाता कामा नये. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि खासगी जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा फार तर ५ जास्त चालतो. आपण दोघं-तिघं नेहमीच्या आवाजात गप्पा मारतो तेच साठच्या आसपास जातं. ड्रमसेट शंभरच्या पुढे. आणि हे आकडे साधे नाहीत, दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. अण्णांच्या वरच्या मजल्याला साध्या काचेच्या खिडक्या आहेत, मागे सोसायटी आहे आणि तिथे कुणाची तरी दहावी-बारावी असतेच. त्या लोकांचं चुकतं, असं मला म्हणता येत नाही. आमच्या घराशेजारी मंगल कार्यालय आहे.

म्हणून जोराचं सगळं दहाच्या आत, आणि शेवटी दोघी मुली. त्यांची ही पहिलीच जाहीर गिग. मेटल संपलं नऊ चाळीसला. मी दारात उभी राहून मोजत होते. मेटलवाल्यांचे मित्र उठले. एक जण, मग तीन, मग एकदम आठ. आयोजक मुलगी जिन्याच्या तोंडाशी उभी होती, ती काही बोलली नाही. दहा मिनिटांनी दोघी स्टेजवर बसल्या तेव्हा हॉलमध्ये ३४ माणसं होती. पेटीवालीचा हात थरथरत होता. पहिलं गाणं मराठी, त्यांचंच, हॉस्टेल सोडायच्या दिवसाबद्दल. खरं सांगायचं तर ते नीट झालं नाही. कान मेटलने बधिर झालेले, पेटी ऐकूच येईना, दुसऱ्या कडव्यात गिटार पुढे गेली. अजून सात जण गेले. एक टेबल मोठ्याने बिल वाटून घेत होतं.

दहा वाजता अण्णा वर आले आणि दादांना मान हलवून खूण केली. मिक्सर बंद. दोघींची अजून दोन गाणी बाकी होती. त्यांनी आयोजक मुलीकडे बघितलं, तिने अण्णांकडे. अण्णा म्हणाले, ‘‘माइक नाही. तसंच गायचं तर गा.’’

त्या स्टेजवरून उतरल्या आणि हॉलच्या मधल्या टेबलाजवळ येऊन बसल्या. पेटी टेबलावर. लोक खुर्च्या ओढत जवळ आले. एसीची घरघर होती, ती अण्णांनी जाऊन बंद केली. खालच्या किचनमधला मिक्सर सुरू झाला तेव्हा मेटलचा गायक जिन्यावरून पळत खाली गेला आणि तो थांबवून आला. बिल वाटणारं टेबल गप्प झालं. मग त्यांनी गायलं. माइक नसल्यामुळे असेल किंवा आता गमावण्यासारखं काही नसल्यामुळे असेल, पण पेटीवालीचा आवाज वेगळाच लागला. खिडकीबाहेर पाऊस ऐकू येत होता. हलगीवाला मांडीवर दोन बोटांनी अगदी हळू ठेका धरून होता, काका डोळे मिटून. मी मोजलं, २७ माणसं. त्यातली दोघींच्या ओळखीची किती, असं नंतर मी गिटारवालीला विचारलं. ‘‘माझी रूममेट आणि हिचा भाऊ,’’ ती म्हणाली.

दुसऱ्या गाण्यानंतर एकाने ‘‘पहिलं परत म्हणा ना, ते हॉस्टेलचं’’ असं सांगितलं. त्यांनी म्हटलं. या वेळी गिटार पुढे गेली नाही.

अकराला आवराआवर. पेटीला खोकं नव्हतं, बेडशीटमध्ये गुंडाळून आणली होती. मेटलच्या ड्रमरने आपल्या झांजांची जाड पिशवी रिकामी करून पेटीवर पांघरली आणि ती जिन्यातून खाली उतरवून दिली. मी भिंतीला चिकटून त्याला वाट दिली.

अण्णा काउंटरवर बसून हिशेब करत होते. ओठ हलत होते. आयोजक मुलगी समोर उभी. आकडा तिने विचारला नाही, त्यांनी सांगितला नाही. वही मिटून ते म्हणाले, ‘‘पुढच्या गुरुवारी मॅच आहे. त्याच्या पुढच्याही गुरुवारी आहे.’’

ती ‘‘बरं अण्णा’’ म्हणाली आणि छत्री उघडायला लागली.

‘‘ती पेटीवाली मुलगी,’’ अण्णांनी मागून विचारलं, ‘‘तिचा नंबर आहे का तुझ्याकडे?’’